खांबाआडची रीळ

मे १९९५ मध्ये अमेरिकेत ऐंशी लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा निर्णय झाला. कारण इंजिनात नव्हते आणि ब्रेकमध्येही नव्हते. ताकाता या जपानी कंपनीने बनवलेल्या सीट बेल्टच्या बकलवर जे लाल बटण असते, त्याचे प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होऊन त्याच्या कपच्या निघत होत्या. त्या कपच्या बकलच्या आत पडत आणि खटक्यात अडकत. मग कधी पट्टा बसतच नसे, कधी बसल्यासारखा वाटे पण ऐन धडकेत सुटण्याचा धोका असे, तर कधी सोडू म्हटले तरी सुटत नसे. या गाड्या १९८६ ते १९९१ या काळातल्या, होंडा आणि निसानसारख्या अनेक कंपन्यांच्या होत्या. म्हणजे निर्णय झाला तेव्हा त्यांतली सर्वांत नवी गाडीही चार वर्षांची होती आणि जुन्या गाड्यांनी आठ-नऊ उन्हाळे पाहिले होते. कारखान्यातून निघताना ती बकले व्यवस्थित चालत होती. त्यांना बिघडवले ते वयाने. पट्टा लावण्याची सवय कितीही पक्की असली, तरी या गाड्यांतल्या माणसाला ती सवय पुरेशी नव्हती.

सीट बेल्टचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी सांगितला जातो. कोणत्या देशात तो कधी सक्तीचा झाला हे एक अंग, आणि लोकांनी तो लावावा म्हणून काय काय केले गेले हे दुसरे. दंड, फलक, पोलिसांच्या मोहिमा, डॅशबोर्डवरचा दिवा आणि कानाशी वाजणारी घंटी हे सगळे त्यात येते. हा इतिहास खोटा नाही, पण अपुरा आहे. त्यात पट्टा येतो तो लावायची किंवा न लावायची एक वस्तू म्हणून. मळणारे, झिजणारे, अडकणारे आणि काही बाबतींत एकदाच वापरून संपणारे यंत्र म्हणून तो येत नाही. माझे म्हणणे असे, की गेल्या साठ वर्षांत पट्ट्याचे काम प्रवाशाच्या हातातून निघून गाडीच्या खांबाआड गेले, आणि त्याबरोबर तो नीट आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारीही कुणीतरी अंगावर घ्यायला हवी होती. काही देशांत ती घेतली गेली. भारतात ती कुणाकडेच गेली नाही, आणि त्याचा भार आज येऊन पडतो तो वापरलेली गाडी घेणाऱ्यावर.

सुरुवात विमानापासून होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिकाचे शिक्षण घेणारा ह्यू डीहेवन हा अमेरिकन तरुण विमानांच्या टकरीतून वाचला, पण पोटाला जबर इजा झाली. आपण का वाचलो आणि नेमकी ही इजा का झाली, या प्रश्नाने त्याला पुढे आयुष्यभर कामाला लावले. माणूस अपघाताने मरत नाही, तर ज्या वस्तूवर तो आदळतो तिच्या आकाराने आणि थांबायला मिळालेल्या अंतराने मरतो किंवा वाचतो, हा विचार त्याच्या संशोधनातून रुजला. पुढे अमेरिकी हवाई दलातला डॉक्टर जॉन पॉल स्टॅप याने स्वतःला रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत बांधून घेतले. १० डिसेंबर १९५४ रोजी तो ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेगाने गेला आणि सुमारे दीड सेकंदात थांबला. त्याच्या अंगावर वजनाच्या सेहेचाळीस पट जोर आला, आणि तो जगला. पट्ट्यांनी शरीर नीट धरलेले असेल तर माणूस किती सोसू शकतो, याचे याहून ठळक प्रमाण नव्हते. हवाई दलाची जितकी माणसे विमान अपघातांत जातात, त्याहून अधिक मोटार अपघातांत जातात, हे स्टॅपच्या लक्षात आले होते, आणि म्हणूनच तो मोटारींकडे वळला.

त्या वेळी मोटारींत जे पट्टे मिळत, ते बहुतेक कमरेवरून जाणारे दोन टोकांचे होते. अमेरिकेत नॅश कंपनीने १९४९ मध्ये आणि फोर्डने १९५५ मध्ये ते देऊ केले, पण फार कमी गिऱ्हाइकांनी ते मागितले. या पट्ट्यांत खोटही होती. बकल पोटावर येई, आणि धडकेत वरचे शरीर पुढे झुकून सगळा जोर मऊ अवयवांवर जाई. हा प्रश्न निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने सोडवला. साब कंपनीत लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करून तो १९५८ मध्ये व्होल्व्होत आला होता. त्याने एक पट्टा कमरेवरून आणि एक खांद्यावरून घेतला, दोन्ही सीटच्या कडेला खाली, कमरेजवळ एका बिंदूत आणले आणि बकल तिथे ठेवले. जोर आल्यावर ही रचना जागची हलत नाही, कमरेचा पट्टा पोटावर सरकत नाही, आणि लावायला एक हात पुरतो. असा पट्टा बसवलेली पहिली व्होल्व्हो १३ ऑगस्ट १९५९ रोजी स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाड गावच्या विक्रेत्याकडे पोहोचली. व्होल्व्होने हे पेटंट इतर कंपन्यांना वापरू दिले, आणि म्हणून आज रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक गाडीत बोलिनचीच आखणी आहे. १९६७ मध्ये बोलिनने स्वीडनमधल्या २८,००० अपघातांची पाहणी मांडली. त्यात पट्टा लावलेला एकही माणूस ताशी सुमारे ९६ किलोमीटरच्या आतल्या वेगात मेलेला नव्हता. न लावलेले मात्र सगळ्याच वेगांत मरत होते. जगभरच्या सक्तीच्या कायद्यांमागे या पाहणीचे वजन उभे आहे. पण ती पाहणी कोणत्या पट्ट्यांची होती, हे आपण विसरतो. ते पट्टे आठ वर्षांच्या आतले होते आणि त्यांची रचना इतकी साधी होती, की त्यांत लपून बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते.

बोलिनचा मूळ पट्टा ठराविक लांबीचा होता. ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे तो आवळावा किंवा सैल करावा लागे. सैल राहिला तर लावणाऱ्याला दिसे, उसवला तर हाताला लागे. त्याची गैरसोय मात्र मोठी होती. एकदा आवळला की पुढे वाकून डॅशबोर्डचे बटणही गाठता येत नसे. त्यावर उपाय म्हणून स्प्रिंगच्या रिळावर गुंडाळला जाणारा पट्टा आला आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून पसरत गेला. रीळ दोन दरवाजांमधल्या खांबाच्या तळाशी, प्लास्टिकच्या आवरणाआड बसते. एरवी ती पट्टा सैल सोडते, आणि गरज पडली की क्षणात अडकते. अडकण्याचे दोन मार्ग असतात. पट्टा झटक्याने ओढला गेला तर रिळाचा वेग ओळखणारा खटका लागतो. गाडीच एकदम थांबली किंवा कलंडली, तर पट्टा ओढला जाण्याआधीच एका वाटीत ठेवलेली लहानशी पोलादी गोळी जागची सरकते आणि दातेरी चक्र धरते. पुढे ऐंशीच्या दशकापासून यात बारूद आली. १९८१ च्या मर्सिडीझ एस-क्लासमध्ये धडकेच्या क्षणी छोटा स्फोट घडवून पट्ट्यातला सैलपणा ओढून घेणारे यंत्र बसले. तेच प्रिटेन्शनर आज साध्या गाड्यांतही असते. या प्रत्येक सुधारणेने जीव वाचवले, यात शंका नाही. पण प्रत्येक सुधारणेबरोबर पट्ट्याच्या गुणवत्तेचा एकेक भाग डोळ्यांआड गेला. आता लावणाऱ्याला दिसते ती फक्त पट्टी आणि बकल. धरणारी गोळी, गुंडाळणारी स्प्रिंग, एकदाच फुटणारी बारूद यांपैकी काहीच दिसत नाही.

सोय आणि सुरक्षितता यांची ओढाताण इथेच थांबली नाही. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत अमेरिकी कंपन्यांनी खांद्यावरचा पट्टा टोचू नये म्हणून रिळात एक सवलत दिली होती. पट्टा थोडा ओढून सोडला की तो तितकाच सैल राहायचा, खिडकीचा गुंडाळपडदा राहतो तसा. माणसाला वाटे पट्टा लावलेला आहे, आणि तो लावलेला असेही. पण छातीपासून वीतभर दूर. धडकेत तेवढे अंतर शरीर मोकळे पुढे जाते आणि मग पट्ट्यावर आदळते. हा धडा तेव्हा महाग पडला, आणि पुढे ही सवलत मागे पडली. त्याच काळात, १९७४ सालच्या गाड्यांत, पुढच्या सीटवरचा पट्टा लावल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही अशी अडवणूक अमेरिकी सरकारने आणली. लोक इतके संतापले, की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने कायदा करून ती काढून टाकली. माणसाला पट्टा लावायला भाग पाडणे अवघड आहे, हे राज्यकर्ते यातून शिकले. लावलेला पट्टा काम करतो का, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

सक्तीचा कायदा सर्वांत आधी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर १९७० मध्ये केला. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटसाठी तो ३१ जानेवारी १९८३ ला आला, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९८४ च्या डिसेंबरात. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १९९३ च्या दुरुस्तीने गाडी बनवणाऱ्यांना पुढच्या दोन सीटसाठी पट्टे बसवणे बंधनकारक केले आणि १९९४ पासून ते लागू झाले. मागच्या सीटची पाळी २००२ मध्ये आली. आधीच्या ॲम्बॅसडर आणि पद्मिनी या नियमाबाहेरच राहिल्या. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पट्टा न लावण्याचा दंड एक हजार रुपये झाला. पण कायदा कागदावर असणे आणि पट्टा अंगावर असणे यांत किती अंतर आहे, हे महाराष्ट्राला दोनदा फार जवळून दिसले. ३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत मागच्या सीटवर बसून जाताना झालेल्या अपघातात गेले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी, असे मागच्या सीटवरचे दोघेही मरण पावले आणि पुढचे दोघे वाचले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सर्वांनाच पट्टा सक्तीचा केला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन बाजारांना घंटी बंद करण्यासाठी बकलमध्ये खोचायच्या नकली क्लिप विकणे थांबवायला लावले. तेव्हा अशा १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या. हे सगळे योग्यच झाले. फक्त या साखळीतला प्रत्येक दुवा पट्टा लावण्यापाशी येऊन संपतो.

ब्रिटनमध्ये तसे नाही. तिथे तीन वर्षांहून जुन्या जवळजवळ प्रत्येक खासगी गाडीची दरवर्षी तपासणी होते, आणि त्यात तपासनीस प्रत्येक पट्टा बाहेर ओढून पाहतो, बकल लावून सोडून पाहतो, पट्टा मागे जातो का पाहतो, जिथे तो गाडीला बांधला आहे तिथल्या पत्र्याला गंज आहे का पाहतो. पट्टा नापास तर गाडी नापास. जपानमध्येही खासगी गाडीला पहिल्या तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीला सामोरे जावे लागते. आपल्याकडे व्यावसायिक वाहनांना फिटनेसचे प्रमाणपत्र लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांसाठी होते, आणि त्या पंधरा वर्षांत तिला नियमाने दाखवावा लागतो तो फक्त धूर. मधल्या काळात गाडी दोनदा-तीनदा विकली गेली तरी फरक पडत नाही. फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी, कर्ज असेल तर बँकेची एनओसी, एवढे कागद झाले की नाव बदलते. नव्या गाड्यांहून वापरलेल्या गाड्या आज अधिक संख्येने विकल्या जातात, असे या धंद्यातल्यांचे अंदाज आहेत. म्हणजे ज्या व्यवहारात गाडीची मालकी सर्वाधिक वेळा बदलते, त्याच व्यवहारात पट्ट्याकडे पाहणारे कायद्याने नेमलेले कुणी नाही.

कायद्याने नेमलेले नाही, आणि रिवाजानेही नाही. जुनी गाडी पाहायला जाणारा माणूस सोबत ओळखीचा मेकॅनिक नेतो. मेकॅनिक बॉनेट उघडून ऑइलचा रंग पाहतो, सायलेन्सरचा धूर पाहतो, टायर पाहतो, दरवाजांच्या कडांवरून हात फिरवून डेंटिंग-पेंटिंग कुठे झाले ते ओळखतो, मीटर मागे फिरवला आहे का याचा पेडलच्या रबरावरून अंदाज बांधतो. समृद्धी महामार्गावर झिजलेल्या टायरांच्या गाड्या आत सोडायच्या नाहीत, अशी मोहीम परिवहन विभागाने हाती घेतली, आणि टायर पाहण्याची ही सवय आता सरकारी पातळीवरही आली. पट्ट्याला मात्र हात लागतो तो टेस्ट ड्राइव्हच्या वेळी, तोही घंटी थांबावी म्हणून. हे अधिक खटकते, कारण गाडीचा पूर्वेतिहास सांगणाऱ्या भागांत पट्ट्याइतका प्रामाणिक भाग विरळा.

तो कसा, हे सांगण्याजोगे आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुढे २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण. पुरात बुडालेली गाडी धुऊन, सीटचे कापड बदलून, अत्तर मारून बाजारात येऊ शकते. पण पट्ट्याचा जो भाग रिळात गुंडाळलेला असतो, तो धुवायचे बहुधा कुणाच्या मनात येत नाही. पट्टा शेवटपर्यंत, अगदी रीळ थांबेपर्यंत बाहेर ओढला तर त्यावर गाळाची रेघ, पाण्याचा डाग, वाळलेल्या चिखलाची भुकटी सापडते. तेच अपघाताबाबत. प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या टोकाशी शिवलेल्या पट्टीवर त्याच्या उत्पादनाची तारीख असते. गाडी २०१६ ची आणि एकच पट्टा २०१९ चा असेल, तर त्या बाजूला बहुधा काहीतरी मोठे घडून गेले आहे. पट्टा गाडीहून बराच जुना निघाला, तर तो बहुधा भंगारातून आला आहे. जोरदार धडक सोसलेल्या पट्ट्यावर, खांद्याजवळच्या कड्यातून तो जिथून जातो तिथे, धागे चकाकल्यासारखे वितळून घासलेले दिसतात. विक्रेता 'नॉन-ॲक्सिडेंटल' म्हणत असताना पट्टा त्याला खोटे पाडू शकतो.

दोष ओळखणेही फार कठीण नाही, आणि ते कोणत्या भागाचे आहेत हे कळले तर उपायही कळतो. पट्टा हळू मागे जातो किंवा अर्ध्यातच लोंबतो, ही सर्वाधिक आढळणारी तक्रार. तिचे कारण बहुधा स्प्रिंग नसते. घाम, धूळ आणि तेलकटपणा पट्ट्यावर आणि खांद्याजवळच्या कड्यात साचून घर्षण वाढलेले असते. कोमट पाण्यात साधा सौम्य साबण घालून पट्टा पुसावा, कड्यातला थर काढावा, आणि पूर्ण वाळल्यावरच आत सोडावा, एवढ्याने तो पुष्कळदा सुधारतो. ब्लीच किंवा कपड्याचा रंग लावू नये, त्याने धागा कमजोर होतो. रिळात तेल सोडू नये, ते धूळ धरते. पट्टा बाहेर येतच नसेल, तर आधी गाडी सपाट जागी घेऊन पाहावे, कारण उतारावर ती पोलादी गोळी आपले काम करत असते. सपाटीवरही अडकलेलाच राहिला आणि एअरबॅगचा दिवा पेटत असेल, तर प्रिटेन्शनर फुटून गेलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्याला बदलण्यावाचून इलाज नाही. किल्ली फिरवताच एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर बल्ब काढलेला किंवा तोडलेला असू शकतो. तो शिस्तीत लागून विझला तरी पूर्ण खात्री नाही, कारण फुटलेल्या प्रिटेन्शनरच्या जागी चार आण्यांचा रेझिस्टर जोडून संगणकाला फसवण्याची लबाडी या धंद्यात माहीत आहे. म्हणून दिव्याच्या जोडीला पट्टाही पाहावा लागतो. हाताने झटका दिल्यावर तो अडकावा, सावकाश ओढल्यास यावा; बकल सोडल्यावर पट्ट्यावरची धातूची जीभ आपोआप उसळून बाहेर यावी. बकलमध्ये नाणे, बिस्किटाचा चुरा किंवा मुलांच्या गोळीचा चिकटा नसावा. पट्ट्याच्या कडेला उसवण, कापलेला धागा किंवा कुणी हाताने घातलेली शिवण दिसली, तर तो पट्टा बाद समजावा.

एका प्रथेवर इथे थोडे अधिक लिहायला हवे. बिघडलेल्या पट्ट्याची नवी जुळणी कंपनीच्या दुकानात महाग पडते, म्हणून मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत मिळणारी जुनी रीळ आणून बसवली जाते. काच किंवा आरसा भंगारातून आणणे समजण्यासारखे आहे. रीळ तशी नाही. आतली गोळी ज्या वाटीत बसते, ती त्या विशिष्ट गाडीच्या खांबाच्या कलत्या कोनाला धरून सपाट ठेवलेली असते. दुसऱ्या मॉडेलची रीळ, किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बाजूची, बोल्टांत नीट बसली तरी आतली गोळी तिरकी राहू शकते. मग पट्टा एकतर सतत अडकतो, किंवा अडकायला हवा तेव्हा उशीर करतो. पहिला दोष कळतो, म्हणून तो निरुपद्रवी. दुसरा अपघाताच्या दिवसापर्यंत कळत नाही. शिवाय ती रीळ ज्या गाडीतून आली, ती भंगारात का गेली हेही विचारावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ज्या देशात लोक पट्टा लावतच नाहीत, तिथे त्याच्या तपासणीची चर्चा ही चैन आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावल्याने १६,७१५ जण मेले, त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. हा आकडा भीषण आहे आणि लावण्याची मोहीम त्यामुळे कमी महत्त्वाची ठरत नाही. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. मानेला काचणारा, मागे न जाणारा, ओढताच अडकणारा पट्टा माणूस दोनदा लावतो आणि तिसऱ्यांदा सोडून देतो. जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर तर बकल सीटच्या खाचेत कायमचे बुडालेले असते. तिथे बसणाऱ्याला बेशिस्त म्हणण्याआधी ते बकल वर काढून द्यायला हवे. आणि आपल्या आकडेवारीत पट्टा 'लावलेला' किंवा 'न लावलेला' एवढेच भेद आहेत. लावला होता पण धरला नाही, असा तिसरा रकानाच नसेल, तर ती मरणे कोणत्या रकान्यात जातात हे कुणी सांगू शकणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पट्टा पॉलिएस्टरचा असतो, तो दशके टिकतो, आणि प्रत्यक्षात पट्टे क्वचितच निकामी होतात. मग हा खटाटोप कशाला? धाग्यापुरते हे खरे आहे. ताकाताच्या प्रकरणातही धागा शाबूत होता, बिघडले ते बोटभर प्लास्टिक. यंत्राची ताकद त्याच्या सर्वांत मजबूत भागावरून मोजणे चूक आहे. शिवाय ते प्रकरण बाहेर आले ते अमेरिकेत तक्रारी नोंदवणारी, त्या एकत्र करणारी आणि कंपन्यांना जाब विचारणारी सरकारी यंत्रणा १९६६ च्या कायद्याने उभी होती म्हणून. जिथे पाहणारा नाही, तिथे दोष क्वचित आढळणारच. एअरबॅग आहे, मग पट्ट्याची एवढी चिंता कशाला, असेही काही जण म्हणतात. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते, आणि ती फुगेपर्यंत शरीर सीटजवळ धरलेले असेल हे गृहीत धरूनच तिची आखणी होते. पट्टा सैल असेल तर माणूस फुगत्या पिशवीवर आदळतो, आणि तीच पिशवी इजा करते.

तिसरा आक्षेप अनुभवातून येतो, म्हणून तो मला गंभीर वाटतो. आरटीओकडे आणखी एक तपासणी सोपवली की आणखी एक रांग, आणखी एक एजंट आणि आणखी एक पाकीट, असे लोकांना वाटते. त्यांना तसे वाटायला कारणे आहेत. पण हे काम आरटीओच्या खिडकीतच व्हायला हवे असे नाही. विम्यात खंड पडल्यावर गाडीची पाहणी होतेच; अपघाताचा दावा निकाली काढताना सर्व्हेअर गाडी पाहतोच; जुन्या गाड्या विकणाऱ्या संघटित कंपन्या शेकडो मुद्द्यांच्या तपासणीची जाहिरात करतातच. या तिन्ही ठिकाणी प्रत्येक पट्टा शेवटपर्यंत ओढून, तारीख वाचून, बकल तपासून नोंद करायला पाच मिनिटे लागतील. पुण्यात १९६६ पासून उभी असलेली एआरएआय ही संस्था नव्या गाड्यांचे पट्टे प्रयोगशाळेत तपासते. जुन्या पट्ट्यासाठी साध्या मेकॅनिकला वापरता येईल असे एक पानी टिपण मराठीत काढणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. हे व्हावे, अशी परिवहन खात्याकडे मागणी करायला हवी.

तोवर वापरलेली गाडी घेणाऱ्याने हे काम स्वतःच करावे, आणि ते पैसे देण्याआधी करावे. पाचही पट्टे पाहावेत, मागच्या सीटवरचा मधलासुद्धा. कारण मालकी बदलण्याच्या अर्जात गाडीचा चासी क्रमांक विचारला जातो, इंजिनाचा क्रमांक विचारला जातो. पट्ट्यासाठी त्यात एकही रकाना नाही.